कितवा दिवस, ते आधी विचार

पोरी, दुकानाच्या चाव्या घेतल्यास, लायसन्सवर तुझं नाव चढलं. आता ही दोनशे पानी वहीही घे. पुठ्ठा फुगलाय तो निसर्ग वादळाच्या पाण्यानं, पण आतली अक्षरं लागतात. २०२०च्या एप्रिलपासून २०२२च्या फेब्रुवारीपर्यंत आपल्या रेवदंड्यात, वर चौल-नागावात आणि पुलापलीकडे साळाव-कोर्लईला जी माणसं घरात कोंडून पडली होती आणि ज्यांचं औषधपाणी आपल्या दुकानातून चाललं होतं, त्यांची ही वही. तू तेव्हा मोबाईलवर लेक्चरं ऐकत होतीस. गोळी पोटात गेल्यावर काय करते ते तुम्हाला बी. फार्म.ला शिकवलं. ती दुकानातून निघून त्या पोटापर्यंत नीट पोहोचते का, हा अभ्यास मात्र काउंटरमागे उभं राहूनच होतो. माझा चाळीस वर्षांत झाला नव्हता, तो त्या दोन वर्षांत झाला.

साथीच्या दिवसांत फोन येतो आणि पलीकडचा माणूस म्हणतो, "काका, डोलोचं एक पाकीट पाठवा." लगेच पुडी बांधायला घेऊ नकोस. आधी विचार, कुणाला हवंय? ताप आल्याचा आज कितवा दिवस? हा एक प्रश्न मी शिकलो आणि निम्मं काम सोपं झालं. करोनात पहिले चार दिवस बहुतेकांचे सारखेच जायचे. ताप, अंग मोडून येणं, घसा, वास गेलेला. खरी गडबड व्हायची ती पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत. ताप उतरलेला असतो, माणूस म्हणतो आता बरंय, घरचे म्हणतात चला सुटलो, आणि नेमका त्याच दिवशी ऑक्सिजन घसरायला लागतो. म्हणून वहीत पहिला रकाना नावाचा नाही, दिवसाचा आहे. ताप आलेल्या तारखेपासून मोजायचं, रिपोर्ट आलेल्या तारखेपासून नाही. रिपोर्ट अलिबागहून यायलाच कधी तीन-चार दिवस जायचे आणि लोक तिथून एक-दोन मोजायला लागायचे. मग सहावा दिवस त्यांच्या हिशेबी दुसरा असायचा.

पुढचे रकाने बघ. ताप. ऑक्सिजन. घरात आणखी कोण. रोजच्या गोळ्या कुठल्या आणि किती दिवसांच्या शिल्लक. शेवटचा रकाना आहे 'नेणार कोण'. रात्री दोन वाजता दम लागला तर कोणाच्या गाडीतून न्यायचं, हे मी पहिल्याच फोनला विचारायचो. लोक चिडायचे. एकीनं तर "काका, तोंड विटाळू नका" म्हणून फोन ठेवला. तिनंच दुसऱ्या दिवशी फोन करून भावाचा नंबर लिहून दिला. १०८ला फोन करायचाच, पण गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात गेलेली असली की ती मोकळी होऊन परत येईपर्यंत थांबायला लागतं. इथून अलिबाग सतरा-अठरा किलोमीटर. आजारी माणसाला न्यायला तयार असलेले तीन इकोवाले आणि एक टमटमवाला मी हेरून ठेवले होते. त्यांची नावं मागच्या पुठ्ठ्याच्या आत आहेत.

आता ऑक्सिमीटर. हे यंत्र २०२०च्या आधी आपल्या दुकानात एकही नव्हतं आणि २०२१च्या एप्रिलमध्ये स्टॉकिस्टकडे पाच मागितले की दोन यायचे. मी विकायचे थांबवले आणि चार यंत्रं फिरती ठेवली. एका घरी दहा दिवस, मग पुसून पुढच्या घरी. यंत्र देणं सोपं, वाचायला शिकवणं अवघड. त्याच्यावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. चौलच्या एका आजोबांनी मला दोन दिवस नाडीचाच आकडा सांगितला आणि मी तो ऑक्सिजन म्हणून लिहीत बसलो. ते पान अजून आहे, लाल शाईनं खोडलेलं.

पण त्याहून मोठी फसगत दुसरीच. आजारी बाई पलंगावर, सून मास्क लावून समोर दारात उभी. सासूनं बोट पुढं केलं, सुनेनं समोरून आकडा वाचला आणि मला फोनवर सांगितलं, अठ्ठ्याण्णव. मी लिहिलं. तरी बाईचा श्वास फोनवर ऐकू येत होता, वाक्य पुरं होत नव्हतं. मी म्हटलं, यंत्राचा फोटो पाठव. फोटो आला आणि माझे हातपाय गार झाले. यंत्रावरचे आकडे इंग्रजी. इंग्रजी सहा उलटा धरला की नऊ होतो, आठाचा आठच राहतो. सून उलट्या बाजूनं वाचत होती. शहाऐंशी होतं ते. अर्ध्या तासात इको निघाली. म्हणून सांगतो, आकडा तोंडी घेऊ नकोस, फोटो मागव. आणि फोटो सरळ असला तरी दोन वाक्यं बोलायला लाव. एका दमात "मी सकाळी पेज खाल्ली आणि आता पडून आहे" एवढं म्हणता आलं नाही, तर यंत्र काहीही सांगो.

बाकी बारीकसारीक तुला माहीत आहेच. नेलपॉलिश काढायची, गार बोट चोळून गरम करायचं, पाच मिनिटं बसून मग लावायचं, आकडा स्थिर होईतो एक मिनिट जाऊ द्यायचं. चौऱ्याण्णवच्या खाली गेला की डॉक्टरला फोन, तिथं चर्चा नाही. सहा मिनिटं घरातल्या घरात सपाटीवर चालून पुन्हा मोजायची चाचणी तेव्हा सरकारनंच सगळीकडे सांगितली होती. चालल्यावर आकडा तीनपेक्षा जास्त उतरला किंवा दम लागला तर ती धोक्याची खूण. पण बसल्या जागी ज्याला धाप लागते त्याला चालायला लावू नकोस, आणि म्हाताऱ्या माणसाला घरात एकटं असताना तर नाहीच.

पॅरासिटामॉलचं एक सांगतो. ही गोळी सगळ्यांना घरची वाटते, म्हणून घोळ हिच्यातच होतो. साडेसहाशेची गोळी डॉक्टरनं दिवसातून चार वेळा लिहिलेली असते. शिवाय घरात सर्दीची म्हणून वेगळी गोळी चालू असते, तिच्यातही पॅरासिटामॉल. अंगदुखीची तिसरी, तिच्यातही तेच. तिन्हीची नावं वेगळी, रंग वेगळे, माल एकच. विचारलंस तर म्हणतील, "तापाची एकच घेतो." म्हणून घरातल्या सगळ्या चालू स्ट्रिपा एका ताटात पालथ्या मांडून मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांग. मागं बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात. संध्याकाळी ताडी-माडी होते का तेही विचार. लाजू नकोस, आपल्या किनाऱ्यावर हा प्रश्न सभ्यच आहे, आणि यकृताला तो फार महत्त्वाचा आहे.

काढ्याचंही तसंच. दालचिनी, मिरी, सुंठ, ज्येष्ठमध घालून लोक दिवसाला चार-चार पेले पीत होते आणि मग छातीत जळजळ म्हणून आपल्याकडे अँटासिड मागत होते. ज्येष्ठमध फार दिवस, फार घेतलं की बीपी चढतं. बीपीचा पेशंट असेल तर काढ्यात काय घालता ते विचार. काढा बंद करा असं म्हणायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत. "एक पेला पुरे, ज्येष्ठमध नको" एवढं म्हण. ते ऐकतात.

आता 'नाही' म्हणण्याचं. साथीत दुकानदाराची किंमत तो काय देतो यापेक्षा तो काय देत नाही यावरून ठरते, असं माझं पक्कं मत झालंय. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर एकच चिठ्ठी गावभर फिरत होती. कुणाच्या तरी मुंबईच्या पुतण्याला कुणी तरी लिहून दिलेली. वर नाव दुसऱ्याचं, तारीख महिन्यामागची, आणि खाली स्टेरॉइडच्या गोळ्या. "ह्याच्यावर तो बरा झाला, आम्हालाही द्या." मी एकालाही दिल्या नाहीत. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल जून २०२०मध्येच आला होता. ज्यांना ऑक्सिजन लावावा लागला त्यांना डेक्सामेथासोननं वाचवलं, ज्यांना लागला नव्हता त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. केंद्राच्या एप्रिल २०२१च्या गृहविलगीकरणाच्या सूचनांतही सौम्य आजारात तोंडानं स्टेरॉइड नको, आणि रेमडेसिविर घरी आणायचा प्रयत्नही करू नका, असं स्पष्ट होतं. तो कागद मी काउंटरच्या काचेखाली ठेवला होता. भांडायला आलेल्याला मी बोलत नसे, बोट दाखवत असे.

एक जण मात्र माझ्यावर रागावून गेला आणि त्यानं त्या गोळ्या कुठून तरी मिळवल्याच. साखरेचा जुना पेशंट. आठवड्यानं त्याच्या बायकोचा फोन, साखर साडेतीनशेच्या वर. त्याच दिवसांत म्युकरमायकोसिसच्या बातम्या यायला लागल्या होत्या, काळ्या बुरशीच्या. मी तिला दोनच गोष्टी विचारल्या, डोळ्याभोवती सूज आहे का, नाकातून काळपट काही येतं का. नव्हतं. तरी डॉक्टरकडे पाठवला. वाचला तो, पण आजही दुकानावरून जाताना समुद्राकडे बघत जातो.

याची दुसरी बाजू विसरू नकोस. दम्याचा, संधिवाताचा जो माणूस वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतोय, त्यानं बातम्या बघून घाबरून ते एकदम बंद केलं तर तोही मरणाच्या दारात जातो. अशांना आपणहून फोन कर आणि सांग, तुमचं चालू ठेवा, डॉक्टरला विचारल्याशिवाय एक गोळीही कमी करू नका. दम्याचा पंप तसाच. पंप मारायची पद्धत व्हिडिओ कॉलवर बघ. दहातले सात जण पंप जिभेवर मारतात.

तसंच त्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं. मार्च २०२०मध्ये लोक प्रसादासारखी मागायला लागले. २६ मार्चला सरकारनं त्याची विक्री एच-वन शेड्यूलच्या नियमाखाली आणली, म्हणजे चिठ्ठी हवी, वेगळ्या रजिस्टरात नोंद हवी आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायला हवं. पण त्याआधीच बाजारातून माल गायब. आपल्याकडे संधिवाताच्या दोन आणि ल्युपसची एक अशा तीन बायका त्या गोळ्यांवर होत्या. मी त्यांच्या तीन-तीन महिन्यांच्या स्ट्रिपा त्यांच्या नावाच्या लिफाफ्यात घालून खणात टाकल्या आणि बाकीच्या जगाला 'संपल्या' म्हणून सांगितलं. खोटं बोललो. पुन्हा बोलेन. नंतर कळलं की करोनावर तिचा उपयोग नव्हताच. साथ आली की पहिल्या दोन दिवसांत हे काम कर. ज्या औषधावर गावाची झुंबड उडणार आहे, ते रोज कोणाला लागतं त्याची यादी काढ आणि त्यांचा वाटा बाजूला ठेव.

फॅविपिराविर आली ती जूनच्या अखेरीस, एक गोळी एकशे तीन रुपयाला. दोनशे मिलिग्रॅमची गोळी आणि पहिल्या दिवसाचा डोस अठराशे मिलिग्रॅम सकाळी, अठराशे संध्याकाळी. म्हणजे नऊ आणि नऊ. डॉक्टरनं लिहिली तर मी द्यायचो, पण नऊ गोळ्या एकदम घ्यायच्या यावर कोणाचा विश्वास बसेना. एका घरात आजीनं "दुकानदाराचं चुकलं असेल" म्हणून एकच दिली. तेव्हापासून मी पाकिटावर नुसतं '९–०–९' लिहायचं सोडलं. नऊ गोळ्या एका कागदी पुडीत, वर सूर्य. नऊ दुसऱ्या पुडीत, वर चंद्र. ही सूर्य-चंद्राची युक्ती मी कातकरीवाडीवरच्या टीबीच्या पेशंटांसाठी फार पूर्वीपासून वापरतो. ग्रॅज्युएट माणसालाही तापात ती लागते.

घरपोचचे नियम थोडक्यात. २६ मार्च २०२०लाच केंद्रानं साथीपुरती घरपोच औषधाची मुभा दिली, परवानाधारक दुकानानं आपल्याच महसुली जिल्ह्यात. ई-मेलवरची चिठ्ठी चालत होती. जुनाट आजाराची असेल तर लिहिल्यापासून तीस दिवसांत, तात्पुरत्या आजाराची असेल तर सात दिवसांत आलेली हवी. झोपेच्या आणि नशेच्या सदरातल्या गोळ्या त्यात नव्हत्या. पुढच्या वेळी नियम काय निघेल तो त्या वेळी मुळातून वाच, ग्रुपवर आलेला वाचू नकोस.

दाराशी जायचं कसं, हे मात्र कुठल्याच अधिसूचनेत नव्हतं. सुरुवातीला आपल्या दुकानातला पोरगा मोटरसायकलवरून जाऊन फाटकाशी हॉर्न मारायचा. दुसऱ्या दिवशी अख्ख्या पाखाडीला कळायचं की त्या घरी करोना. मग दूधवाला दूध देईना, विहिरीवर कोणी येऊ देईना. एका घरचं तर वाडीतून जायचं पायवाटेचं बेडं काट्या लावून बंद केलं. ज्यांना आपण औषध पोहोचवलं, त्यांनाच आपण वाळीत टाकायला लावलं, असं मला झालं. मग मी पद्धत बदलली. त्या पाखाडीत ज्या ज्या घरी बीपी-शुगरच्या गोळ्या लागतात, त्या सगळ्यांच्या त्याच फेरीत न्यायच्या. पोरगा एका घराशी थांबला तर नजरेत येतं, सात घरांशी थांबला तर कोणी बघत नाही. पिशव्या सगळ्या सारख्या, वर नाव नाही, फक्त वहीतला आकडा. पिशवी तुळशीपाशी किंवा पडवीच्या कट्ट्यावर ठेवायची, लांब येऊन फोन करायचा, पिशवी उचललेली दिसली की निघायचं. आणि दुकानात कोणी कितीही खोदून विचारलं, "त्यांच्याकडे काय झालंय हो?" तरी आपल्याला काही माहीत नसतं. सरपंचानं विचारलं तरी. ज्यांना कळवायचं त्या आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला डॉक्टर कळवतोच.

पैशाचं अवघड होतं. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरचा लिलाव थंडावला, कोळीवाड्यात रोकड नाही. हॉटेलं-घरगुती खोल्या बंद, त्यामुळं नागावकडेही नाही. उधारी मी लिहीत गेलो, त्यातली बरीचशी वसूल झाली, काही बुडाली. ते पान तू बघू नकोस. पण एक विचारत जा, "गोळी अर्धी करून खातोस का?" पैसे वाचवायला बीपीची गोळी मोडून दोन दिवस पुरवणारी माणसं मला त्या वर्षी अकरा सापडली. विचारल्याशिवाय एकानंही सांगितलं नव्हतं. डॉक्टरला फोन करून त्याच घटकाची स्वस्त जेनेरिक गोळी चालेल का विचारलं, आणि बहुतेकांचं निम्म्याहून कमी पैशांत भागलं. आपला नफा गेला. गेला तर गेला.

चाकरमानी आले तेव्हा आणखी वेगळंच. २०२० साली गणपती २२ ऑगस्टला होते. आधी येऊन दहा दिवस वेगळं राहायचं होतं. मुंबईहून निघताना लोकांनी आरतीची पुस्तकं घेतली, मखराचं सामान घेतलं, गोळ्या मात्र घेतल्या आठ दिवसांच्या. शाळेतल्या आणि मागच्या पडवीतल्या विलगीकरणात आठव्या दिवशी थायरॉइडची संपली, फिटची संपली. फिटची गोळी चुकणं फार वाईट. तेव्हापासून मी जुलैच्या शेवटालाच ज्यांची मुंबईची माणसं येणार त्यांना विचारून ठेवतो, काय गोळ्या चालतात, फोटो मागवा. आता साथ नसली तरी विचारतो. माल पेणहून-पनवेलहून यायला दोन दिवस लागतात.

आता वादळाचं. ३ जून २०२०, बुधवार. आपल्याकडे करोना अजून नवा होता आणि दुपारी निसर्ग किनाऱ्यावर आदळलं. दुकानाचा पत्रा गेला, आगरातल्या सुपाऱ्या गवतासारख्या आडव्या झाल्या, नारळ रस्त्यावर. वीज गेली, टॉवर गेले. इतके दिवस ज्या फोनवर मी एवढा हुशार झालो होतो, तो फोन म्हणजे नुसता डबा. श्रीवर्धन-मुरूडकडे तर दिवे यायला कित्येक आठवडे गेले. त्या दिवशी ही वही कामाला आली, कारण ती कागदाची होती. ओली झाली, पण उघडली. कोण कुठं आहे, कितवा दिवस आहे, कोणाच्या गोळ्या कधी संपतात, सगळं त्यात. मी आणि पोरगा झाडं ओलांडत पायी निघालो. म्हणून मोबाईलमध्ये काय ठेवायचं ते ठेव, पण ही माहिती हातानं लिहिलेली असू दे. पुढच्या वर्षी १७ मे २०२१ला तौक्ते आलं, ऐन दुसऱ्या लाटेत, तेव्हाही हेच.

वादळात मला खरी भीती इन्शुलिनची होती. दुकानातला फ्रीज बंद. न उघडलेली बाटली दोन ते आठ अंशांत हवी. चालू बाटली बहुतेक इन्शुलिनची साधारण चार आठवडे सावलीत, तीस अंशांच्या आत चालते, हे लोकांना माहीत नसतं. वीज गेली की त्यांना वाटतं सगळं फुकट गेलं, आणि ते घ्यायचंच बंद करतात. दुसरीकडे कोळीवाड्यात बर्फाला तोटा नाही. एका मावशीनं मुलाचं इन्शुलिन माशाच्या खोक्यात थेट बर्फात पुरून ठेवलं होतं. मोठ्या मायेनं. बाटली गोठून पांढरी. गोठलेलं इन्शुलिन वितळलं की दिसतं पूर्वीसारखंच, पण ते फेकायचं असतं. तिला ते पटेना. "बर्फात म्हावरा आठ दिवस टिकतो, औषध का नाय?" प्रश्न बरोबर होता आणि उत्तर द्यायला मला वेळ लागला. तिला नवी बाटली दिली आणि मडकं करून दाखवलं. मोठं मातीचं मडकं, त्यात वाळू, वाळूत छोटं मडकं, वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करायची, बाटली प्लास्टिकच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात, वर ओलं फडकं. फ्रीजइतकं गार होत नाही, पण चालू बाटलीला पुरतं. बर्फ वापरायचाच तर बाटली टॉवेलात गुंडाळून थर्मोकोलच्या खोक्यात, बर्फाला न टेकेल अशी. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. ती मावशी पूजेहून येताना पडलेल्या वडाची फांदी आणि भिजवलेली वाळू दोन्ही घेऊन आली, हीच वाळू चालेल का म्हणून विचारायला.

स्वतःला जप. खडूची वर्तुळं, दोरी, प्लास्टिकचा पडदा, हे सगळं आपण केलं. तरी मला एप्रिल २०२१मध्ये गाठलंच. मी माळ्यावर दहा दिवस. फार्मासिस्ट नाही तर चिठ्ठीचं औषध देता येत नाही, म्हणून शटर खाली. मी वहीतली चालू पानं फोटो काढून आपल्या समोरच्या दुकानदाराला पाठवली. वीस वर्षं आम्ही एकमेकांचं गिऱ्हाईक पळवायचो. त्यानं दहाही दिवस माझ्या लोकांना फोन केले आणि मलाही रोज सकाळी विचारायचा, "शेजारी, कितवा दिवस?" तेव्हा मला कळलं पलीकडून तो प्रश्न कसा ऐकू येतो. आधीच त्याच्याशी बोलून ठेव. कोण पडलं तर कोणी सांभाळायचं, ते कागदावर असू दे. ज्यांची पानं त्याला दाखवायची त्यांना आधी विचारून घे. मी घाईत विचारलं नव्हतं, ते चुकलं.

काही फोन गोळ्यांचे नसतात. कोर्लईच्या एका आजी दर दुसऱ्या दिवशी 'गोळ्या संपल्या' म्हणायच्या. माझ्या हिशेबानं त्यांच्याकडे वीस दिवसांच्या होत्या. तिसऱ्या वेळी मी विचारलं, आजी, जेवलात का? पंचवीस मिनिटं बोलल्या, मुलगा कुवेतला आहे, कोंबडी अंडी देत नाही, चर्च बंद आहे. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मागितली, ती मी दिली नाही. रोज संध्याकाळी पाचला फोन करायचं ठरलं. वहीत त्यांच्यापुढं औषधाच्या रकान्यात '५ वा.' असं लिहिलंय.

मे २०२१मध्ये सरकारनं अठरा जिल्ह्यांत घरचं विलगीकरण बंद करून पेशंटना केंद्रात हलवायचं ठरवलं, त्यात रायगडही होता. जानेवारी २०२२च्या ओमायक्रॉनपर्यंत घरीच सात दिवस असं झालं. नियम असे बदलतच राहतात. दिवस मोजायचं काम बदललं नाही.

वही गल्ल्याखालच्या खणात आहे. पुठ्ठ्यामागच्या नंबरांपैकी टमटमवाल्यानं गाडी विकली आणि इकोवाल्यांतले दोन पनवेलला गेले. या आठवड्यात तेवढे नवे नंबर लिहून घे.